दंतवैद्यसाहेबांची चार तारांवरील स्वारी

श्रीठेका प्रसन्न. वाचणारांस दीर्घायुष्य आणि न वाचणारांस सद्बुद्धी. पुढे कोणी पुसेल की मोठमोठ्या लढायांच्या हकीकती पडल्या असता एका बास गिटारीची ही कैफियत कागदावर कशास आणली, तर त्याचे कारण ऐसे जे, मोठ्या लढायांस साक्षीदार हजारो असतात आणि ही फत्ते कोणाच्या ध्यानातच आली नाही. ती आम्हीही न लिहिली तर पुढे खुद्द जिंकणारासही खरी वाटणार नाही. म्हणोन जे घडले ते, तिखटमीठ बेताचेच लावून, लिहिले असे.

तर अखिलदंतमंडलाधिपती, दाढनिर्मूलक, कीडविध्वंसक दंतवैद्यसाहेब आपल्या दवाखान्याच्या गादीवर, म्हणजे चाकांच्या स्टुलावर, सुखाने नांदत होते. त्यांचे कुटुंब बाईसाहेब, गळा बहुत गोड, आणि भावास व एका मैत्रिणीस बरोबर घेऊन गाण्याचा लहानसा संच बाळगून होत्या. परंतु बाईसाहेबांच्या मातुश्री घसरून पडल्या आणि कमरेचे हाड मोडले आणि त्या लेकीच्या घरी मुक्कामास आल्या, तेव्हापासून शुश्रूषेपायी गाणे बंद पडले. मातुश्रींचे दोन्ही कान त्याआधीच चाकरी सोडून गेले होते, आणि कानात घालावयाचे यंत्र शिट्ट्या मारते या आरोपाखाली खणात नजरकैदेत पडले होते. पुढे मातुश्री काठी घेऊन हिंडूफिरू लागल्या आणि वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला आणि बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर पूर्वीचे तेज दिसो लागले, तोच संचात बास वाजवणारा लंबू नोकरीनिमित्त दूरदेशी कूच करता जाहला.

मग स्वयंपाकघरात खलबत बसले. बाईसाहेबांचे बंधू, ड्रमचे सुभेदार, यांनी साफ सांगितले जे, बास नसता गाणे खालून पोकळ लागते, सबब कार्यक्रम रद्द करावा. बाईसाहेब उठल्या. गाण्यांचे कागद उचलून कपाटात ठेवले आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसावयास घेतला. ते पाहून दंतवैद्यसाहेबांच्या काळजात चर्र जाहले आणि विचार करण्याआधीच तोंडून शब्द गेला.

"मी वाजवतो."

"दाजी, तुम्ही?" सुभेदारांस हसू आवरेना.

"का? चारच तर तारा आहेत. मी रोज बत्तिसांशी झुंजतो."

बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ओटा पुसणे थांबवले आणि वळून नवऱ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात इतकी आशा होती की साहेबांस माघारीची वाट उरली नाही.

लंबूची जुनी गिटार सुभेदारांच्या माळ्यावर होती, ती आणवली आणि स्वारी सुरू जाहली. पहिल्याच दिवशी हत्याराचे वजन खांद्यावर पडले आणि खांदा शरण आला. थोरली तार पाहावी तो केवळ दोरखंड. ती दांडीवरील पडद्यावर दाबता सूर निघेना, फुरफुर निघे. मग बोटांची फौज पाहिली, त्यात तर्जनी शूर, मध्यमा बरी, अनामिका शेजारणीच्या आधाराने उभी राहणारी, आणि करंगळी ही केवळ ऐषारामी सरदार, कान खाजवणे यापलीकडे जिने उभ्या हयातीत कामगिरी केली नाही. लांबच्या पडद्यावर जाण्याचा हुकूम होताच ती थरथर कापे आणि ऐन मोक्याला रण सोडून पळे. बोटांस फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. एके सकाळी दवाखान्यात साहेबांनी जोर करून दाढ उपटली, तेव्हा दाढ रोग्याची निघाली आणि "आई गं" साहेब म्हणाले. रोगी घाबरून त्यांचीच समजूत घालू लागला.

त्याहून बिकट प्रकरण ऐसे जे, जिला हुकूम ती तार गप्प बसे आणि जिला हुकूम नाही ती घुमू लागे. सुभेदारांनी फर्मावले की दाजी, बासमध्ये वाजवणे थोडे, गप्प करणे फार. साहेबांची सगळी हयात लोकांस "आ करा" म्हणण्यात गेलेली. आता तारांस "तोंड मिटा" म्हणणे आले, आणि ती विद्या त्यांस ठाऊक नव्हती.

दुपारी दवाखाना बंद असता साहेब घरी सराव करीत, आणि स्पीकरची पेटी मधल्या भिंतीस टेकून असे. भिंतीपलीकडे, तिलाच लागून, मातुश्रींची खाट.

"जावईबापू! दार वाजतंय!" मातुश्रींची हाक आली. साहेबांनी गिटार उतरवून दार उघडले. कोणी नाही. परत येऊन वाजवू लागले तो पुन्हा हाक, पुन्हा दार, पुन्हा कोणी नाही. शेवटी वैतागून दार सताड उघडे टाकले आणि वाजवावयास बसले, तो आतून आवाज आला, "अहो, फोडतायत दार! पोलीस आहेत बहुतेक!"

तेव्हा साहेब आत गेले. मातुश्रींनी तळवा खाटेच्या फळीवर ठेवला होता. "हात लावून बघा. आता थांबलेत. मगाशी धाडधाड चाललं होतं."

साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी ओरडून, खुणा करून, गिटार दाखवून सारा खुलासा केला. मातुश्रींनी सगळ्यास मान डोलावली आणि म्हणाल्या, "नको, चहा आत्ताच झाला."

पेटी भिंतीपासून हलवावी ऐसे साहेबांच्या मनात आले होते. परंतु ज्या बाईस कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, फोनची घंटा नाही, पोटच्या पोरीचा आवाज नाही, तिच्यापर्यंत जगातले एवढे तरी पोहोचते आहे, ते आपण तोडावे काय? साहेबांस ते करवेना. पेटी जागीच राहिली.

त्याउपरि मातुश्रींचे हेरखाते रोज बातमी देऊ लागले. एके दिवशी म्हणाल्या, कोणीतरी लंगडत जिना चढतंय. दुसरे दिवशी, दोघं आलेत आणि एकमेकांना ढकलतायत. ते ऐकोन साहेब समजले की नको ती तार अद्याप घुमते आहे, आणि उजव्या हाताचा अंगठा थोरलीवर पहाऱ्यास बसवला. मग दोघांचा एक जाहला. पण तो एक पळत होता. "येतो बेतानं आणि पळत सुटतो," मातुश्री म्हणाल्या. "काहीतरी चोरून नेत असणार."

सुभेदारांची तक्रारही हीच. तालमीत गाणे चालीने निघावे आणि शेवटास घोडदौड करीत पोहोचावे, बाईसाहेबांस श्वास घेण्यास जागा उरू नये. "दाजी, घाई कसली? दाढ काढायची आहे का?" सुभेदार त्रासून बोलले, आणि वर्मावर बोट पडले. कारण साहेबांची उभी हयात, दिलेली भूल उतरण्याच्या आत आटपावे, या एकाच कायद्याखाली गेली होती. हात कामास लागला की मनात घड्याळ सुरू होई. टकटक करणारे मेट्रोनोम यंत्र आणवले, त्यालाही साहेब मागे टाकून पुढे जात. त्यांस खरोखर भय वाटू लागले, की आपण बायकोस आशा दाखवली आणि आता चारचौघांत तिचेच गाणे बुडवणार.

मग एके दुपारी साहेबांनी यंत्र बंद केले आणि मातुश्री काठी टेकीत न्हाणीघराकडे जातात तो वेग मनात धरला. एक पाऊल, एक काठी, मध्ये दम. त्या चालीने वाजवू लागले. बराच वेळ हाक आली नाही. साहेबांनीच भिंतीआडून डोकावले, तो मातुश्री डोळे मिटून पडल्या होत्या, तळवा फळीवर.

"उठू नका जावईबापू," त्या म्हणाल्या. "घरचंच माणूस आहे. येईल सावकाश."

साहेबांनी गिटार खाली ठेवली आणि त्या दिवशीचा चहा स्वहस्ते केला.

कार्यक्रमाचा दिवस उगवला. सभागृह जुने, जमीन लाकडी. मातुश्री पहिल्या रांगेत बसल्या आणि चपला काढून पाय फळ्यांवर टेकले. दिवे लागले, माणसे गप्प जाहली, आणि इतकी तोंडे मिटलेली पाहताच दाढनिर्मूलकांच्या हातास घाम फुटला. गाणे सुरू होताच मनातले घड्याळ चालू लागले. करंगळी पळाली, ठेका पळाला, सुभेदार भुवया उंचावून मागून धावू लागले, आणि बाईसाहेबांचा आवाज ओळीच्या शेवटी तुटला. तोच मातुश्री मागे वळल्या आणि साऱ्या सभागृहास ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलल्या, "अहो, दार उघडा कोणीतरी!"

मागच्या रांगेतील एका सद्गृहस्थाने उठून खरोखरीच दार उघडले.

साहेबांचे कान लाल जाहले. पण त्याच क्षणी त्यांस उमगले की येथे भूल कोणास दिलेली नाही आणि आटपून जाण्याची घाईही कोणास नाही. मग एक पाऊल, एक काठी, मध्ये दम, ऐसे त्यांनी पाऊल आवरले, आणि सुभेदार त्यांच्या जोडीस आले, आणि करंगळी लाजेकाजेस्तव परतली, आणि बाईसाहेबांनी पोटभर श्वास घेऊन सूर लावला तो साऱ्या छतास भिडला. मातुश्री पुन्हा पुढे वळल्या. त्यांची नजर लेकीच्या ओठांवर होती आणि पायाचा अंगठा फळीवर पडत होता, जागच्या जागी, चुकत नव्हता. मध्येच त्यांनी चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले.

कार्यक्रम संपताच लोकांनी बाईसाहेबांस गराडा घातला. दंतवैद्यसाहेबांपाशी एकच जण आला. "बरं झालं डॉक्टर, इथंच भेटलात," म्हणोन त्याने आ केला आणि आतली दाढ दाखवली. मग सुभेदार आले. "दाजी, पहिलं गाणं सावरल्यावर तुम्ही वाजवताय हे कळलंच नाही." सुभेदारांच्या दरबारी याहून थोर किताब नाही, आणि साहेबांनी तो मान लववून घेतला.

घरी आल्यावर दारातच मातुश्रींनी लेकीची हनुवटी धरली.

"आज ऐकू आलं गं मला तुझं गाणं. पायांतून आलं, पार कमरेपर्यंत. सुरुवातीला जरा धावत होतीस, मग सावरलंस. आवाज थोडा जाड झालाय तुझा, पण भरदार आहे हो."

बाईसाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि खरे ते सांगावयास तोंड उघडले. तेव्हा ज्यांनी जन्मभर जगास "आ करा" म्हटले त्या दंतवैद्यसाहेबांनी फोडांनी खरबरीत जाहलेले बोट आपल्या ओठांवर ठेवले. बाईसाहेबांनी तोंड मिटले आणि आईस घट्ट मिठी मारली.

"जावईबापू, दार लावून घ्या आता," मातुश्री म्हणाल्या. "सगळे घरी आले."

येणेप्रमाणे चार तारांचा मुलूख काबीज जाहला, करंगळीस पूर्वीचे अपराध माफ जाहले, आणि संपूर्ण फत्ते खुद्द दंतवैद्यसाहेबांच्या मर्जीने बाईसाहेबांच्या नावे रुजू जाहली. पेटी भिंतीस टेकूनच ठेवावी, ऐसा हुकूम कायम आहे. लिहिणाऱ्याने लिहिले, दार लावले. बहुत काय लिहिणे.