पिवळी लोकर दिसेल तिकडे धावा!

शर्यतीचा मार्ग आखावा तर मीच! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण इतक्या वेळा म्हटलंय की आता ते आमच्या मंडळाचं मत झालंय.

मला मुळात बसवत नाही. फोन आला की मी चालत बोलतो, चहा उभ्याने पितो, दात घासताना बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारतो. लग्न ठरवायला आलेला मुलगा खुर्चीवर टेकलाच नाही, हे माझी बायको अजून लोकांना सांगते. असा माणूस ‘पहाटपळे’ मंडळात नाही जाणार तर कुठे जाणार?

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याने आ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून दर बैठकीत ते तसलंच काहीतरी जाहीर करतात. यंदाच्या थंडीत म्हणाले, “हुडहुडी दौड! कपाटाच्या तळाशी दडवलेला स्वेटर घालून धावायचं. सगळ्यात असह्य स्वेटरला बक्षीस!”

मी बसल्या जागी उडालो. म्हणजे उभाच होतो, तिथून उडालो. बक्षीस माझंच होतं!

कारण माझ्याकडे ‘तो’ स्वेटर होता. सासूबाईंनी तो विणला तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. बिचाऱ्यांनी बोटांनी चाचपत विणला. रंग पिवळाधमक! गळ्यातून दोन डोकी आरामात जातील. एक बाही कोपरापाशीच दमते आणि दुसरी हात संपला तरी पुढे चालतच राहते. थंडीत सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले, की मी तो एकदा अंगात घालतो, “वा, काय ऊब आहे!” म्हणतो आणि पुन्हा वर्षभर गाडून टाकतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो उपसून काढत होतो, तेवढ्यात सासूबाई दारात!

“अगबाई! घालताय?”

त्यांचा चेहरा असा काही उजळला की ‘असह्य’ हा शब्द माझ्या घशातच अडकला. मला माझ्या सासूबाई आवडतात. विनोदी गोष्टीत असं सांगणं बरं दिसत नाही, पण आवडतात.

“आई, उद्या सगळ्यात सुंदर स्वेटरला बक्षीस आहे,” मी ठोकून दिलं. “आणि ते तुमचंच!”

झालं! सासूबाईंनी आनंदाने त्याच लोकरीचे उरलेले गुंडेसुद्धा काढून दिले. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. खडूचे बाण पुसले जातात, कागद उडून जातात. त्याऐवजी दर वळणावर खांबाला ही लोकर बांधली तर? एवढा पिवळा रंग कोणाच्या नजरेतून सुटणार? संध्याकाळी मी सगळ्या वळणांवर लोकर बांधून आलो आणि डॉक्टरांना फोन केला. “डोळे मिटून धावलात तरी चुकणार नाही!”

सकाळी बागेच्या लोखंडी फाटकाशी सगळे जमले. काय एकेक स्वेटर! डॉक्टरांचा तर अर्धा कसरीने खाल्लेला होता. पण माझ्याकडे बघून सगळ्यांनी आपापले स्वेटर मनातल्या मनात मागे घेतले. डॉक्टर भोंग्यावरून ओरडले, “नियम एकच! पिवळी लोकर दिसेल तिकडे धावा!”

शिट्टी वाजेपर्यंत मला उभं राहवेना. मी जागच्या जागी उड्या मारत होतो, फाटकाला पाठ घासत होतो, पुन्हा उड्या मारत होतो. या घासण्यात काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. शिट्टी वाजली आणि मी सुटलो! पहिल्या वळणालाच सगळे मागे पडले.

दुसऱ्या वळणावर फोन वाजला. बायको शेवटच्या रेषेपाशी पाणी वाटायला थांबली होती.

“अहो, आईला काय सांगितलंत तुम्ही?”

“का? काय झालं?”

“ती इथे आलीय! ठेवणीतली शाल घेऊन पहिल्या रांगेत बसलीय. शेजारच्या बाईंना सांगतेय, सुंदर स्वेटरचं बक्षीस घ्यायला आलेय म्हणून! आणि तिच्या डोक्यावर फलक आहे एवढा मोठा, ‘सगळ्यात असह्य स्वेटर’!”

“वाचला त्यांनी?”

“फलकाकडे पाठ करून बसवलंय तिला! किती वेळ बसवू? मान वळली की संपलं!”

पोटाला गार लागत होतं, पण ते मी भीतीच्या खात्यात टाकलं. काय करावं? स्वेटर बदलावा! अंगात सासूबाईंचा स्वेटरच नसला, तर त्या फलकाचा आणि त्यांचा संबंध काय? आमचं घर पुढच्याच गल्लीत. दुकानातून आणलेला राखाडी स्वेटर चढवायचा आणि पुन्हा शर्यतीत घुसायचं. कोणाला पत्ता लागणार!

मी गल्लीत वळलो.

घराचं दार सताड उघडं. सासरे टेबलाशी चहा घेत बसले होते. जन्मभर बस आगारात गाड्या आत-बाहेर काढण्याची नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत असतात.

“संपली शर्यत?”

“बाबा, माझा राखाडी स्वेटर?”

“मला काय ठाऊक?”

मी टेबलाभोवती फिरलो, खुर्च्या बघितल्या. पुन्हा फिरलो. विचार करायचा झाला की मला फिरावंच लागतं. मग झोपायच्या खोलीत गेलो, पलंगाला वळसा घातला, कपाट उघडलं. राखाडी स्वेटर नव्हता! मागच्या दारातून बघितलं तर दोरीवर ओलाचिंब लटकत होता. आज धुवायला सापडला का तो!

परत फिरलो आणि आरशासमोर थिजलो. माझा स्वेटर बरगड्यांपर्यंत आला होता! खालचा भाग गायब! आणि त्याच्या कडेतून एक पिवळा धागा निघून पलंगाभोवती, दारातून बाहेर, टेबलाभोवती, पुन्हा टेबलाभोवती आणि घराबाहेर गेला होता. थेट बागेच्या फाटकापर्यंत!

तेवढ्यात बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. “लोकर इकडे वळलीय! चला!”

“अहो, हे तर घर आहे!” कोणीतरी म्हणालं.

“नियम म्हणजे नियम! लोकर दिसेल तिकडे!”

आणि अख्खं मंडळ माझ्या घरात शिरलं. मला वाटलं, आता सासरे त्यांना हाकलतील. कसले हाकलतात! त्यांनी एकदा धाग्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, आणि ताडकन उभे राहिले. आगारातून निघाल्यापासून एवढी वाहतूक त्यांनी पाहिली नव्हती.

“डावीकडून! टेबलाला वळसा! एक झाला, अजून एक! कपाला धक्का नको! ए, आधी आतल्यांना बाहेर येऊ द्या! तुम्ही पुढे, खोलीत!”

सगळ्यांनी टेबलाला इमानदारीत दोन फेऱ्या मारल्या. माझ्या मंडळाची शिस्त बघून एरवी मला भरून आलं असतं.

धागा तोडायचं मला सुचायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला धावणं तेवढंच सुचतं, आणि मला तर एरवीही तेवढंच सुचतं. मी मागच्या दाराने पळालो. ओल्या स्वेटरखालून वाकून, कुंपणाच्या फटीतून, बोळातून मी पुढे आणि मंडळ मागे! बोळातल्या एका बाईंनी खिडकी उघडून विचारलं, “चोर आहे का?” डॉक्टर धावता धावता म्हणाले, “नाही हो, मार्गप्रमुख!”

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा माझ्या अंगावर गळा आणि दोन बाह्या उरल्या होत्या. एक लांब, एक आखूड. मी थेट सासूबाईंसमोर जाऊन थांबलो. बायकोने डोळ्यांवर हात घेतला.

“स्वेटर कुठाय?” सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर पोचले आणि तशाच धापा टाकत त्यांनी भोंगा उचलला. “यंदाचं बक्षीस... एकमताने... आपल्या मार्गप्रमुखांच्या स्वेटरला! जो काही उरलाय त्याला!” आणि त्यांनी हात केला फलकाकडे.

सासूबाईंची मान वळली.

“सगळ्यात,” त्या मोठ्याने वाचू लागल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सुईचं नेढंसुद्धा दिसतं. “असह्य. स्वेटर.”

टाळ्या थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिसत नसताना, बोटांनी चाचपून, माझ्यासाठी विणलेला स्वेटर! चार लोकांत हसं व्हावं म्हणून विणला होता का त्यांनी?

“आई,” मी म्हटलं, “चुकलं माझं. खरंच चुकलं.”

सासूबाईंचे खांदे हलू लागले. रडतायत की काय! छे, त्या हसत होत्या! शाल तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

“अहो जावईबापू, डोळ्यांची पट्टी निघाली आणि पहिल्यांदा हा तुमच्या अंगावर बघितला ना, तेव्हा मला वाटलं, ऑपरेशन बिघडलं! दर वर्षी वाट बघतेय, कधी टाकून देताय. तुम्ही आपले ‘काय ऊब आहे’ म्हणून पुन्हा घालता! म्हटलं, आवडतोय बाई यांना, कशाला मन मोडा?”

“पण उसवला कसा?” बायकोने विचारलं.

“गळ्यापासून खाली विणत आणला होता. खालची शेवटची गाठ मारायची राहिली, ऑपरेशनची तारीख आली. टोक नुसतं आत खोचून दिलं होतं.” मग त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या हातातून बक्षिसाचा थर्मास काढून घेतला. “विणला मी, तर बक्षीसही माझंच. आणि लोकर कोणी तोडायची नाही! सगळी गोळा करून आणा!”

म्हणून आज रविवार असून मी घरात आहे. खुर्चीवर आहे. चक्क बसलोय! दोन्ही हात पुढे केलेत, त्यांवर धुतलेल्या लोकरीची लड आहे आणि समोर सासूबाई शांतपणे गुंडा वळतायत. बाहेरून पहाटपळे धावत गेले. माझा पाय जरा हलला.

“हलू नका, गुंता होतो.”

नाकाला खाज सुटलीय. सासरे कौतुकाने बघतायत. बायकोने तर चक्क फोटो काढला.

“या वेळी दोन्ही बाह्या सारख्या,” सासूबाई म्हणाल्या. “पण खरं सांगा हं, आता उगाच मन राखायचं नाही. हा पिवळा रंग आवडतो ना तुम्हाला?”

खरं बोलायची याहून चांगली संधी येणार नव्हती. मी तोंड उघडलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा पुन्हा तस्साच उजळला.

“फारच!” मी म्हणालो.

“मग लोकर अजून मागवते,” सासूबाई म्हणाल्या. “विजारही करते!”