एलिहियोमामांची नोवेना

"एकदा हे कॅलेंडर सुरू होऊ दे, मग सांता रुफिनात कुणाच्या कार्यक्रमाचा घोळ झाला तर माझं नाव नॉर्मान ओबान्दो नाही!"

भर सभेत ठणकावून सांगितलं होतं बरं का त्याने! नॉर्मानचं झेरॉक्सचं दुकान. गावात कुणाचा फोन अडला की तो त्याच्याकडे यायचा, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची ठाम समजूत झालेली. तशी घोळाची तक्रार खरी होती. वस्तीला हॉल एकच. मागच्या महिन्यात एकाच संध्याकाळी तिथे एका पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाचा नाच आणि एका म्हाताऱ्याची शवपेटी, दोन्ही येऊन ठेपली. वाजंत्री थांबेनात, रडणारे हटेनात! शेवटी मयताच्या भावानेच केक कापला. तेव्हा ठरलं, की वस्तीच्या वेबसाइटवर सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर हवं.

नॉर्मानने तीन कॅलेंडरं पारखली. पहिल्यात महिना आधी आणि तारीख मागून. म्हणजे तीन नोव्हेंबरचं लग्न अकरा मार्चला! दुसरं फुकट होतं, पण घटकेघटकेला पासवर्ड मागायचं. तिसरं चर्चच्या मंडळांसाठी बनवलेलं आणि भारी हुशार. नुसतं 'लग्न' लिहा, ते आपणहून घंटेचं चित्र काढणार, निमंत्रण लिहिणार, पत्ता भरणार, वर सगळ्या गावाच्या फोनवर आठवण धाडणार. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं.

"आपल्याला डोकं चालवायलाच नको," नॉर्मान बायकोला म्हणाला.

"तुम्ही कधी चालवलंत?" यामिलेत म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरने सांगितलं, गुरुवारी पाणी जाणार. गुरुवारी पाणी गेलं! पाणीखात्याच्या माणसानेच ते लिहिलं होतं, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण समजावणार? "त्याला आधी कळतं," असं गावात कुजबुजत बोललं जाऊ लागलं. त्यातच समोरच्या ज्वालामुखीने डोकं वर काढलं. लाव्हा वगैरे काही नाही, नुसती राख. दिवसभर भुरभुरत राहायची. पानांवर, कौलांवर, कॉफीच्या कपात. पाखरं गप्प झाली होती आणि भरदुपारी दिवे लावावे लागत होते.

अशा त्या करड्या सकाळी नॉर्मानचे सासरे एलिहियोमामा झुलत्या खुर्चीत बसून भात-राजमा खात होते. मामा म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचे उस्ताद. बायको गेल्यापासून लेकीकडेच राहायचे. आवाज असा, की मैदानावर ओरडले तर तळ्यातले कोळी माना वळवायचे. एवढ्यात फोन थरथरला. मामांनी वाचलं, आणि चमचा हातातच राहिला.

"जावईबापू, मी रविवारी घरी आहे का हो?"

"आहात की! का?"

"नाही, लोक येणारेत."

नॉर्मानने फोन घेतला. काळी फीत, पेटती मेणबत्ती आणि खाली मजकूर: 'एलिहियो मेनोकाल यांची नोवेना. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. राहत्या घरी. फुले आणावीत.'

माणूस गेला की आमच्याकडे नऊ संध्याकाळ त्याच्यासाठी प्रार्थना चालते, ती नोवेना. आणि मामा तर समोर भात खात बसलेले!

"कुणीतरी चेष्टा केलीय, मामा!" नॉर्मानने घाईघाईने ते पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. तीच फीत, तीच मेणबत्ती. त्याने परत पुसलं. तिसऱ्या दिवशी परत! आता मात्र नॉर्मान धास्तावला. दुकानाचं दार लावून तो एकटाच स्क्रीनकडे बघत बसायचा, आणि बघता बघता ती ओळ आपोआप उमटायची. कुणाचं नाव नाही, गाव नाही.

"अहो, गावाला विचारा ना सरळ, कुणी लिहिलंय म्हणून!" यामिलेत म्हणाली.

"आणि माझी अब्रू? घोळ होणारच नाही म्हणून छातीठोक सांगितलंय मी!"

"माझ्या बापाला काही झालं ना, तर त्या मेणबत्तीखाली तुमचं नाव मी स्वतः लिहीन!"

मामांनी हिशोब मांडला होता. "नोवेना रविवारी म्हणजे मला शनिवारपर्यंत निघायला हवं." त्यांनी मैदानावर जाणं सोडलं. जेवणही सोडलं. "जाणाऱ्याने कशाला अन्न वाया घालवायचं?" असं म्हणून ताट सरकवायचे. गावाने तर कहरच केला. न्हाव्याने घरी येऊन त्यांची फुकट दाढी केली आणि डोळे पुसत गेला. सुतार आत आलाच नाही. उंबऱ्यात उभा राहून मामांना डोक्यापासून पायांपर्यंत एकदा नजरेनं मोजलं, मान हलवली आणि चालता झाला. घरातला कुत्रा मामांच्या खोलीत जाईना. यामिलेत रात्रंदिवस बापाच्या पायाशी बसून राहिली. आठवड्यात मामांचे गाल आत गेले आणि तो दणदणीत आवाज पार विरून गेला. आता हा माणूस कॅलेंडरचं ऐकून खरंच मरतोय, हे नॉर्मानला कळून चुकलं.

शनिवार गेला. मामा गेले नाहीत. रविवारी मात्र दुपारीच राखेने अंधारून आलं आणि वीज गेली. पाचच्या ठोक्याला दारावर थाप पडली. प्रार्थना सांगणाऱ्या निन्फाबाई दहाबारा बायकांसह उभ्या होत्या, फुलं आणि मक्याच्या कडबोळ्यांच्या टोपल्या घेऊन.

"झालं का त्यांचं?" निन्फाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही हो, अजून आहेत!" नॉर्मान ओशाळून म्हणाला.

"असू देत. आम्ही थांबतो."

थांबतो म्हणाल्या, पण बाई कामाच्या वाघीण! मामांच्या उशाशी मेणबत्ती लावून, त्यांचं नाव घेऊन त्यांनी पहिली प्रार्थना म्हणूनसुद्धा टाकली. मामा छातीवर हात जुळवून निपचित पडलेले. आणि तेवढ्यात अंगणाचं फाटक करकरलं. यामिलेतने बापाचा हात घट्ट धरला.

राखेतून पांढऱ्या आकृत्या येत होत्या. एक, दोन, तीन... नऊ! नखशिखांत पांढऱ्या, चेहरा कुणालाच नाही, प्रत्येकाच्या खांद्यावर दांडकं. पावलांचा आवाज नाही. एका बाईच्या हातून टोपली पडली. नॉर्मान टेबलाखाली शिरला. नऊही जण खोलीत येऊन पलंगाभोवती उभे राहिले.

मामांनी डोळे उघडले. "आलो, आलो," ते क्षीण आवाजात म्हणाले. "अनवाणी चालेल, की बूट घालायचे?"

"बूट घाला, उस्ताद," पुढची आकृती म्हणाली. "मैदानावर राख फार आहे."

आकृतीने तोंडावरचा राखेने माखलेला रुमाल सोडला. आत संघातला उलिसेस!

"पाचपासून वाट बघतोय आम्ही! तुमच्याच नोवेनेचा सराव, आणि तुम्ही झोपलेले?"

खेळाडू नऊ, म्हणून आमच्याकडे बेसबॉलच्या संघालाही नोवेनाच म्हणतात! उलिसेसने लिहिलं होतं, 'एलिहियोची नोवेना, रविवारी पाच.' बाकीचं सगळं चर्चच्या त्या हुशार कॅलेंडरने आपल्या अकलेने भरलं, आणि ते वाचायची तसदी पोरांनी घेतली नव्हती.

"आणि रोज लिहितोय मी! रोज कोण मेला पुसतोय?" उलिसेस गरजला.

टेबलाखाली नॉर्मानने पाय आणखी आत ओढून घेतले.

मामा ताडकन उठून बसले. "कडबोळी आणा इकडे!" असे ओरडले, की यामिलेत हसत हसत रडायला लागली. सगळं घर हसलं. निन्फाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"नोवेना सुरू झालीय," त्या म्हणाल्या. "सुरू झालेली अर्धवट सोडली तर घरातलं कुणीतरी जातं. मेणबत्तीला नाव लागतं. हे नाहीत, मग कोण?"

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या.

"कॅलेंडर!" नॉर्मान किंचाळला. "कॅलेंडरच्या नावाने करा! हे बघा, मारतोच त्याला!" आणि सगळ्यांच्या देखत त्याने फोनवरून अख्खं कॅलेंडर वेबसाइटवरून कायमचं उडवून टाकलं.

तर मंडळी, मग नऊ संध्याकाळ गावाने एका कॅलेंडरच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. मामा रोज पहिल्या रांगेत, रोज दोघांची कडबोळी खाऊन. नवव्या संध्याकाळी निन्फाबाईंनी शेवटची प्रार्थना म्हटली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

त्या अंधारात सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. काळी फीत, पेटती मेणबत्ती आणि खाली एकच ओळ: 'नोवेना पूर्ण झाली. आलेल्या सर्वांचा मी आभारी आहे.'

एकेकाने फोन हळूच पालथा ठेवला.

"जावईबापू," मामांनी हळूच विचारलं, "ते नक्की मेलं होतं ना?"

"मेलं होतं हो, मामा," नॉर्मान कसाबसा म्हणाला. "मीच तर मारलं होतं."

निन्फाबाईंनी काडी ओढली, मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि त्याच्या हातात दिली. "मग पुढचे नऊ दिवस तू एकटाच बस," त्या म्हणाल्या, आणि अख्खं गाव चपला शोधायला लागलं.