दोन माणसांचं काम

हर्डीकरकाका कुणालाही नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की त्याच्या हातात काहीतरी ठेवतात आणि म्हणतात, "जरा धरा."

कुरिअरवाला असो, मत मागायला आलेला उमेदवार असो, वाट चुकलेला पाहुणा असो. पहिल्या भेटीत माझ्याही हातात त्यांनी एक जड, तेलकट लोखंडी वस्तू ठेवली आणि ते पाना शोधायला निघून गेले. मी खरं तर त्यांचा निषेध करायला गेले होते. पण दोन्ही हातांत लोखंड असताना निषेध करता येत नाही. करून बघा.

मी पत्रकं लिहिते. लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आले, परीक्षा सुटली, दिल्लीची हवा काही सोडेना. म्हणून हवेसाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटात शिरले. आणि आमच्याच नोएडाच्या सोसायटीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये, एक सत्तरीचा मराठी गृहस्थ माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठी असलेली ब्रिटिश मोटारसायकल पुन्हा जोडत बसलेला! आम्ही थंडीत मास्क लावून खोकायचं आणि यांनी धूर सोडणारं यंत्र गोणपाटातून बाहेर काढायचं? मी त्यांना "जुन्या गाड्या हटवा, श्वास वाचवा!" हे आमचं पत्रक दिलं. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचलं आणि गळणाऱ्या गिअरबॉक्सखाली अंथरलं.

"कागद उत्तम आहे. तेल छान पितो. अजून आहेत?"

त्या दिवसापासून मी 'पत्रकबाई' झाले. "काय गं पत्रकबाई, आज कुणाचा धिक्कार?"

काका सरकारी ड्रॉइंग ऑफिसात होते. लग्नाचं राहून गेलं. "मुलगी बघायला जायच्या दिवशी क्लच उघडलेला होता," एवढंच सांगतात. सगळी नोकरी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. मोटारसायकल तिथलीच. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडताना त्यांनी ती स्वतः सुटी केली, गोण्यांत भरली आणि इथे आणली. तेव्हापासून दर रविवारी जोडणी चालू आहे.

ही जोडणी म्हणजे छळ आहे. इंग्रजांनी नटबोल्टसुद्धा सगळ्या जगाशी भांडून बनवलेत. मिलीमीटरचा पाना लागत नाही, इंचाचा लागल्यासारखा वाटतो आणि निसटतो. मी चिडून जोर लावला की काका ओरडतात, "जोर नको! पटव. बोल्टचा आटा आहे तो, सरकार नाही!"

आणि प्रत्येक कामाला त्यांना दुसरा माणूस लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी एकदा तावातावानं खाली आले. "अंकल, ये पार्किंग है, कबाड़खाना नहीं!"

"बिल्कुल. ज़रा पकड़िए," म्हणून काकांनी त्यांच्या हातात मागचा मडगार्ड दिला. त्यागीजींनी तो चहा येईपर्यंत धरला, मग एका हातानं धरून चहा प्यायले. त्यांच्या मुलाचं लग्न, गुडघेदुखी, वरच्या मजल्याची गळती, सगळं बोलून झालं. जाताना मात्र भानावर येऊन म्हणाले, "लेकिन नोटिस तो नोटिस है, अंकल. संक्रांति तक. उसके बाद सब कबाड़ी ले जाएगा।"

त्या रविवारी काकांनी पहिल्यांदाच कुणाच्या हातात काही ठेवलं नाही.

संक्रांतीला आमचं मराठी मंडळ पानिपतला, काला अंबला जातं. लढाईत पडलेल्यांना फुलं वाहायला. दर वर्षी काका जाहीर करतात, "यंदा माझी बसमध्ये जागा ठेवू नका. मी मोटारसायकलवर येणार." दर वर्षी मंडळ मुकाट्यानं त्यांची खिडकीची जागा ठेवतं. या वर्षी मात्र चेष्टा राहिली नव्हती. संक्रांतीला मोटारसायकल एक तर पानिपतला जाणार होती, नाहीतर भंगारात.

आणि गाडं अडलं होतं इंजिनावर. दोन पिस्टन, त्यांच्यावर रिंगा. या रिंगा बाहेर उसळतात. त्या बोटांनी आत दाबून धरायच्या आणि वरून सिलिंडरचा ठोकळा अलगद उतरवायचा. एकानं धरायचं, एकानं उतरवायचं. "दोन माणसांचं काम," काका बजावायचे. मी धरायची. काका ठोकळा खाली आणायचे. "उतरतंय... उतरतंय..." आणि ऐन वेळी रिंग निसटायची. "नाही उतरलं. पुढच्या रविवारी." किती रविवार असेच गेले. माझी बोटं काळी, पत्रकांवर अंगठ्याचे ठसे! हे बिनपगारी श्रमाचं शोषण आहे, असं मी त्यांना स्पष्ट सुनावलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "डावीकडची नीट धर."

शेवटी संतापून मी मोबाईलवर शोधलं. एक दाढीवाला गोरा माणूस हेच काम एकटा करत होता. रिंगांभोवती पत्र्याच्या दोन गोल पट्ट्या आवळल्या, ठोकळा सोडला, झालं! शीळसुद्धा थांबवली नाही त्यानं. संक्रांत तोंडावर आलेली आणि आम्ही बोटांनी दाबत बसलो होतो! मी तरातरा खाली गेले. काकांना तोंडावर सांगणार होते की तुमची पद्धत मागासलेली आहे.

"बरी आलीस," ते म्हणाले. "वर माझ्या खोलीत जाऊन फडकं घेऊन ये. खालचा खण."

मी चुकून वरचा खण उघडला. आत माझं पत्रक होतं. कशावर तरी गुंडाळलेलं. उघडलं, तर पत्र्याच्या दोन गोल पट्ट्या. मोजून कापलेल्या, कडा घासलेल्या, तेल लावून ठेवलेल्या. पत्रक गेल्याच महिन्याचं.

मी त्यांच्या त्या खोलीत उभी राहिले. एक खुर्ची. ओट्यावर उपडा घातलेला एक कप. दाराला आतून दोन कड्या. सरोजिनीनगरबद्दल काका नेहमी एकच सांगायचे, अंगणात पाना वाजला की चारी बाजूंची माणसं गोळा व्हायची. कुणी मत द्यायचं, कुणी बत्ती धरायचं. इथे आमच्या टॉवरमध्ये पाना वाजला तर तक्रार येते.

पट्ट्या होत्या तशा गुंडाळल्या, खण लावला, फडकं घेऊन खाली गेले.

"काका, मी धरते."

त्या दिवशी मी भाषण केलं नाही, जोर केला नाही. रिंगा फक्त धरल्या. ठोकळा खाली आला, थोडा अडला, आणि लोण्यात सुरी जावी तसा बसला.

मला वाटलं, काका नाचतील. ते स्टुलावर बसले आणि हात पुसत राहिले. "उतरलं की गं," ते म्हणाले. मग फडक्याची घडी घालत, "म्हणजे आता झालंच."

संक्रांतीला मोटारसायकल निघाली. पहिल्या किकला खोकली, दुसरीला धूर काढला, तिसरीला अशी गरजली की चौथ्या मजल्यावरून लोक वाकले. धुराचा निषेध मी जागेवरच नोंदवला. मागे कोण बसणार? त्यागीजी पुढे आले, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात मफलर. "अंकल, पिछली बार पानीपत में हमारे इधर के लोग आपके साथ नहीं आए थे। इस बार मैं चलता हूँ।" बसमधली खिडकीची जागा पहिल्यांदा रिकामी गेली.

पुढच्या रविवारी पार्किंग लख्ख होतं. मोटारसायकल कव्हरखाली. काका शेजारी स्टुलावर. त्यागीजी गाडीतूनच "बढ़िया, अंकल!" म्हणून गेले. कुरिअरवाला लिफ्टनं वर गेला. काकांच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि पुसायला काही नव्हतं.

मी घरी गेले, आमच्या मोर्च्याचा भोंगा घेतला आणि परत खाली आले. काकांनी तोंड उघडायच्या आत तो त्यांच्या हातात ठेवला.

"जरा धरा," मी म्हटलं. "बोलतच नाही. आतून काहीतरी सुटलंय."

काकांनी चष्मा वर केला. भोंगा उलटा केला. मागचे स्क्रू बघितले, त्यांच्या डोक्यांवरचे ताजे ओरखडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"स्क्रू पटवून काढले नाहीत कुणी," ते म्हणाले. "जोर लावलाय."

मी भिंतीकडे बघत राहिले.

त्यांनी दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बैस, पत्रकबाई. हे दोन माणसांचं काम आहे."