मोहियोद्दीनचाचांची दोन मिनिटं

कार्यक्रम कसा करावा, हे या शहरात कुणी मला शिकवू नये! आमच्या दरवाजा बचाव समितीचा मी सचिव. अकरा वर्षांत माझ्या एकाही कार्यक्रमात माइक बंद पडला नाही की चहा गार झाला नाही. माणूस मात्र एकदा मेला. तेच सांगतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या दरवाज्याची कमान ढासळायला आली होती. तिच्या दुरुस्तीला मदत जमवायची म्हणून मी मोहियोद्दीनचाचांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. चाचांनी चाळीस वर्षं त्याच कमानीखाली बसून दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि उरलेल्या रंगात शहरातले दरवाजे. आता ते मुकुंदवाडीला राहतात. काचबिंदूनं उजवा डोळा गेलेला, डावा त्याच वाटेवर. सगळी चित्रं त्यांनी कमानीसाठी देऊन टाकली. एक सोडून.

त्या एका चित्रात कमानीच्या सावलीत त्यांची बायको सगीरा जेवणाचा डबा घेऊन उभी होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. तिचा फोटो एकही नाही.

"ही लोकांनी नुसती बघावी," चाचा म्हणाले. "विकायची नाय. दुसरी माझ्याकडं नाय, अन् नवी काढायला डोळा नाय."

"माझा शब्द, चाचा!" मी छातीवर हात ठेवला. 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठीसुद्धा स्वतः चिकटवली.

प्रमुख पाहुणे म्हणजे बिडकीनकडं कारखाना असलेले एक बडे उद्योजक. व्यासपीठावर मी चाचांचा तीन फुटी फोटो ठेवला.

"फोटोपुढं समई नका हो ठेवू," माझी बायको निशा म्हणाली. "बरं दिसत नाही."

"मग दिवा कुठं लावायचा? पाहुण्यांच्या डोक्यावर?"

पाहुणे आले. त्यांनी समई पेटवली. समोर फोटो, शेजारच्या ताटात हार. हार चाचांच्या गळ्यात घालायचा होता! पण आपल्याकडं प्रत्येक कार्यक्रमात आधी प्रतिमापूजन, त्यामुळं पाहुण्यांचे हात सवयीनं चालले. हार फोटोवर गेला आणि पाहुण्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. मी तेव्हा फाटकावर चाचांना रिक्षातून उतरवत होतो.

सूत्रसंचालक सुयश पैसे देऊन बाहेरून आणलेला. चाचांना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. फोटोला हार बघून त्यानं थेट 'दिवंगत कलाकार' म्हणूनच भाषण सुरू केलं. आम्ही दारात पोचलो, तोवर तो शेवटाला आला होता, "...दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या!"

दोनशे माणसं खाडकन उभी राहिली. चाचा मुकुंदवाडीला गेल्यापासून कुणाला दिसले नव्हते, म्हणून ओळखीच्यांनाही ते खरंच वाटलं; निशा मागं चहा बघत होती. फोटोवरचा हार मला दिसला आणि सगळा घोळ लक्षात आला. पण अशा वेळी ओरडायचं कसं? 'बसा, मेलेला इथंच आहे'?

"कोण गेलं, साहेब?" चाचांनी हळूच विचारलं.

"एक... कलाकार."

"चांगला व्हता का?"

"लई चांगला."

चाचांनी दोन्ही हात पसरले आणि त्या गेलेल्यासाठी मनापासून दुआ मागितली.

दोन मिनिटं संपतात न संपतात तोच पाहुण्यांनी माइक ओढला. "ती दरवाज्यातली बाई मी घेतो! बदल्यात कमानीची सगळी दुरुस्ती माझी!"

"सर, चिठ्ठीवर 'विक्रीसाठी नाही' असं..." सुयश चाचरला.

"आता नाही कोण म्हणणार? चित्रकार परत येणार आहे का?"

सभागृह हळहळलं. मग टाळ्यांचा कडकडाट! चित्रकार माझा कोपर धरून उभा होता.

"ती बाई मंजे सगीरा ना?" त्यांनी विचारलं. "अन् गेला तो मी?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसावी. मी "हो" म्हणालो.

"आत्ता जाऊन सांगतो, चाचा!"

"सांगितल्यावर कमान?"

पाहुण्यांचा चारचौघांत पोपट झाला असता, तर त्यांनी एक वीटही दिली नसती. आणि खरं सांगायचं, तर पाय उचलायच्या आधी चाचांनी थांबवावं, अशीच मी वाट बघत होतो. लिहितानाही लाज वाटते.

"राहू द्या," चाचा म्हणाले. "कमानच पडली तर सगीरा उभी कुठं व्हती, ते तरी कोणाला कळंल? मला घरी सोडा."

मी त्यांना मागच्या दारानं नेलं. पुढच्या दारानं मयत चालत जाताना दिसलं असतं, तर पंचाईत!

कमान उभी राहिली. पाहुण्यांनी पाटीचा मजकूर धाडला, 'कै. मोहियोद्दीन यांच्या स्मरणार्थ'. मी पेंटर शोधतोय हे चाचांच्या कानावर गेलं.

"त्या कमानीवर दुसऱ्याच्या हातची पाटी लागायची नाय," त्यांनी निरोप पाठवला.

तीन दिवस पाटीला नाक लावून त्यांनी ती रंगवली. मी बघायला गेलो. अक्षर न् अक्षर ओळीत. फक्त सुरुवातीचं 'कै.' गायब होतं आणि तिथं 'मरहूम' लिहिलेलं.

"लई मोठी चूक करून ठिवली व्हती, साहेब," ब्रश पुसत चाचा म्हणाले. "आमच्यात कै. नाय लिवत."

मी माफी मागितली. या सगळ्या प्रकरणात मी मागितलेली ती एकच.