अकराव्या खिळ्यावरचे चित्र

लश्कर शहराच्या कलादालनात दर जानेवारीत चित्रस्पर्धा भरत असे. मध्यभारत राज्य झाल्यापासून या स्पर्धेतील पहिले पारितोषिक दरवर्षी अकराव्या खिळ्यावर टांगलेल्या चित्राला मिळाले. चित्रकार दरवर्षी निराळे होते. परीक्षकही बहुधा निराळे असत. एकदा ते निसर्गचित्र होते, एकदा व्यक्तिचित्र होते, एकदा कमळे होती, आणि एकदा चित्र उलटे टांगले गेले होते.

दालन म्हणजे संस्थानी काळातील एक लांबलचक दरबारी दिवाणखाना होता. एका टोकाला दार, आणि दारापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ भिंत. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानच्या सर्व चीजवस्तूंची मोजदाद झाली, तेव्हा या भिंतीवरील खिळ्यांनाही क्रमांक देण्यात आले. प्रस्तुत घटना इतक्या अचूकपणे मांडता येते ती त्यामुळेच.

स्पर्धकांच्या ही गोष्ट लवकर लक्षात आली, कार्यालयाच्या उशिरा. पाटणकर बाजारातील एक फ्रेमवाला ‘अकरा नंबरसाठी’ म्हणून जास्त मजबूत कडीच्या चौकटी विकू लागला. एका स्पर्धकाच्या आईने खिळ्याला हळदकुंकू वाहिले. ते कार्यालयाने पुसून घेतले, कारण राज्यघटनेनुसार शासनाला धर्म नव्हता आणि खिळा शासनाचा होता. पुढे वशिले येऊ लागले तेव्हा खिळेवाटप उपसमिती नेमण्यात आली. पहिल्या वर्षी अकरावा खिळा उपसमितीच्या अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाला, दुसऱ्या वर्षी त्यांच्या जावयाला. दोघांनाही पहिले पारितोषिक मिळाले. ‘घराण्यातच कला आहे,’ असा अभिप्राय परीक्षकांनी दिला.

शेवटी खिळाच उपटण्याचा निर्णय झाला. रिकाम्या जागी कोणी परस्पर दुसरा खिळा ठोकू नये म्हणून तेथे बांधकाम खात्याची ‘चित्रांना हात लावू नये’ ही पाटी बसवण्यात आली. त्या वर्षी पहिले पारितोषिक पाटीला मिळाले. ‘नकारातही इतके मार्दव असू शकते,’ असे परीक्षकांनी एकमताने नोंदवले. पारितोषिक म्हणजे मुंबईच्या कलाशाळेत शिकण्याची शिष्यवृत्ती. ती नियमाप्रमाणे बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांना देऊ करण्यात आली. हाती असलेल्या कामांमुळे आपणांस मुंबईस जाता येत नाही, असे त्यांनी खेदपूर्वक कळवले.

याच सुमारास मध्यभारत संपले आणि नवे मध्यप्रदेश राज्य झाले. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून फायली गेल्या. सदर खिळा पुनर्रचनेत कोणत्या खात्याकडे वर्ग झाला आहे, असे भोपाळने प्रथम विचारले. तो भिंतीत नसल्यामुळे कोणत्याच खात्याकडे नाही, असे उत्तर गेल्यावर भोपाळने तो पुन्हा ठोकून त्याची शास्त्रीय चौकशी करण्याचा आदेश दिला. चौकशीसाठी स्थानिक महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रमाकांत गद्रे यांची नेमणूक झाली. त्यांना चित्रकलेतले काही कळत नाही, ही त्यांची मुख्य पात्रता होती.

गद्रे खासगी बाजार नावाच्या वस्तीत राहत. नेमणूक झाल्याचे कळताच त्यांची धाकटी बहीण सुमनताई आणि भाची शरयू त्यांच्याकडे आल्या. शरयू बिर्लानगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ती पुढच्या वर्षी ओलांडणार होती. म्हणजे मुंबईला जायचे तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. यापूर्वी प्रत्येक वेळी तिचे चित्र भिंतीच्या टोकाला, शेवटच्या खिळ्यावर लागले होते. तो खिळा वशिला नसलेल्यांसाठी राखीव असल्यासारखा होता.

“दादा, आता खिळा तुझ्या हातात आहे,” सुमनताई म्हणाल्या.

“माझ्या हातात चौकशी आहे.”

“एकच बात आहे ती.”

“एक नाही. खिळे यंदा चिठ्ठ्या टाकून वाटलेत. शरयूला शेवटचा आलाय.”

“चिठ्ठ्या कोणी टाकल्या?”

“उपसमितीनं.”

“मग झालं!” सुमनताईंनी पदर सावरला. “सख्खा मामा चौकशी अधिकारी, आणि पोरगी शेवटच्या खिळ्यावर. बाजारात काय तोंड दाखवू मी?”

“आई, तू थांब जरा,” शरयू म्हणाली. “मामा, मला बक्षीस द्या म्हणून नाही सांगायचंय. फक्त एवढं बघा की त्यांनी माझं चित्र बघावं. इतकी सालं झाली, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. बेकार आहे म्हणा, चालेल. पण बघून म्हणा.”

“सर्व चित्रं पाहिल्याबद्दल परीक्षकांची सही असते.”

“सही तर असणारच,” शरयू म्हणाली. “इन्स्पेक्टर येतात तेव्हा मी पण सगळ्या वर्गाची हजेरी लावते.”

गद्र्यांनी चौकशी पद्धतशीरपणे सुरू केली. अकराव्या खिळ्याजवळचा प्रकाश दहाव्यापेक्षा कमी निघाला. खिळ्याची उंची इतरांइतकीच होती. भिंतीला ओल नव्हती. होकायंत्राची सुई खिळ्याकडे किंचित वळली, परंतु ती बाराव्या खिळ्याकडेही तितकीच वळली, कारण दोन्ही लोखंडाचे होते. खिळा सर्वतोपरी निर्दोष असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि आता परीक्षकांचे निरीक्षण करणे एवढेच उरले.

परीक्षणाच्या दिवशी सकाळी धुके होते. परीक्षक चार होते. सरदार विश्वासराव हे वयाने आणि मानाने सर्वांत मोठे. त्यांच्या कित्येक पिढ्या फौजेत गेल्या होत्या. लक्ष्मीकांत हे शहरातील कलासमीक्षक होते. युरोपातील थोर चित्रकारांच्या रंगांविषयी ते तासन्‌तास बोलू शकत. ती सर्व चित्रे त्यांनी पुस्तकांत कृष्णधवल छापलेली पाहिली होती. मंदाताई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. चौथे भोपाळहून आलेले उपसंचालक होते, ज्यांची बदली आदल्याच महिन्यात मत्स्यपालनातून कलेत झाली होती.

संस्थान गेले होते, दरबारही गेला होता. परंतु समारंभाच्या दिवशी त्या दिवाणखान्यात शिरताना जोडे बाहेर काढायचे, आणि मानाने ज्येष्ठ असलेल्या माणसाच्या पुढे पाऊल टाकायचे नाही, हे दोन नियम कोणी रद्द केले नव्हते, कारण ते कोणी लिहिलेलेच नव्हते. मोजे हे पादत्राण की वस्त्र, असा प्रश्न मागे एकदा उपस्थित झाला होता. निर्णय होईपर्यंत तेही काढावेत असे ठरले होते आणि निर्णय झाला नव्हता. एरवी सर्वजण बूट घालूनच तेथे वावरत. गद्र्यांनीही आपली सर्व मोजमापे जाड क्रेपच्या तळव्यांचे बूट घालून घेतली होती. त्या दिवशी मात्र तेही अनवाणी होते.

विश्वासराव पुढे आणि बाकीचे मागे, अशी मंडळी भिंतीलगत निघाली. पहिली दहा चित्रे चालता चालता झाली. अकराव्यापुढे विश्वासराव थांबले. त्या खिळ्यावर यंदा दोन पेरू आणि एक सुरी यांचे चित्र होते. विश्वासरावांनी हात पाठीमागे बांधले.

“वा,” ते म्हणाले.

“क्या ठहराव है इसमें!” उपसंचालक म्हणाले.

“ठहराव! अगदी नेमका शब्द काढलात, साहेब,” लक्ष्मीकांत म्हणाले. “या पेरूंपुढून हलवत नाही. रेम्ब्राँच्या तपकिरी रंगात हेच तर आहे.”

“पेरू पिकलेले आहेत,” मंदाताईंनी वस्तुनिष्ठपणे सांगितले.

बराच वेळ झाला तरी कोणी हलेना. “सरदारसाहेब, पुढची चित्रं?” गद्र्यांनी मागून विचारले.

“दिसताहेत की इथून,” विश्वासराव म्हणाले.

पुढची चित्रे तेथून दिसतात का, हे तपासण्यासाठी गद्रे रांगेतून किंचित बाजूला सरकले. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा उघड्या दगडी फरशीला लागला. कळ गुडघ्यापर्यंत गेली. त्यांनी पाय झटकन मागे घेतला. मागे घेतल्यावर तेथेच उभे राहण्यासाठी काहीतरी कारण हवे म्हणून त्यांनी समोर पाहिले, आणि थोड्याच वेळात त्यांनाही पेरूंमध्ये काहीतरी गहन असल्याचे जाणवू लागले. हा अनुभव त्यांना नवा होता. त्याचा उगम शोधण्यासाठी त्यांनी खाली पाहिले.

“मंदाताई,” ते कुजबुजले, “हा गालिचा इथंच संपतो?”

“अर्धाच आहे ना तो. मध्यभारत झालं तेव्हा कापला. हिवाळी राजधानी आपल्याला, उन्हाळी इंदूरला. गालिचाही तसाच, अर्धा आपल्याला, अर्धा त्यांना.”

“उन्हाळ्यात इंदूरला गालिचा कशाला?”

“समानता,” मंदाताई म्हणाल्या.

“तुमचे पाय गारठत नाहीत?”

“मी कुठं पायांसाठी थांबलेय? सरदारसाहेब थांबले म्हणून थांबलेय.”

गद्र्यांनी विश्वासरावांच्या पायांकडे पाहिले. दोन्ही पायांची बोटे गालिच्याच्या कडेवर घट्ट आवळलेली होती. ‘पाय गारठले’ हे शब्द त्या घराण्यात कोणी उच्चारले असण्याची शक्यता नव्हती. चित्र आवडले, असे म्हणायला मात्र हरकत नव्हती.

पहिली फेरी संपली. परीक्षक शेजारच्या खोलीत चहाला गेले. निर्णय चहानंतरच्या फेरीत व्हायचा होता.

एखादे कारण खरे आहे की नाही हे ठरवायचे तर ते कारण हलवून परिणाम हलतो का, हे पाहावे लागते. गालिचा दुसऱ्या कोणत्यातरी चित्राखाली नेणे भाग होते. गद्र्यांनी पूर्ण निःपक्षपातीपणे भाचीचे चित्र निवडले. दोन शिपायांनी गालिचा ओढत नेऊन, त्याच्या घड्या घालून, शेवटच्या खिळ्याखाली अंथरला.

चहानंतर विश्वासरावांनी दारातून आत पाऊल टाकले आणि ते क्षणभर थबकले. मग ते चालू लागले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तो वेग शोभणारा नव्हता. त्यांच्या पुढे जायचे नव्हते आणि मागे राहायचेही नव्हते, म्हणून इतर तिघेही त्याच वेगाने निघाले. पेरूंकडे कोणी मान वळवली नाही. भिंतीच्या टोकाला गालिच्यावर दोन्ही पाय पडताच विश्वासराव थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. शेजारीच दोरीमागे इतर स्पर्धकांबरोबर शरयू उभी होती.

“वा,” विश्वासराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

“क्या ठहराव है!” उपसंचालक धापा टाकत म्हणाले.

“इथून हलवत नाही,” लक्ष्मीकांत म्हणाले. “रेम्ब्राँ!”

“हिला मुंबईला पाठवलंच पाहिजे,” मंदाताई म्हणाल्या, आणि निर्णय एकमताने झाला.

संध्याकाळी सुमनताईंनी खासगी बाजारात घरोघर पेढे दिले. “माझ्या दादानं काही केलं नाही हं,” असे त्या प्रत्येक दारात सांगत होत्या, त्यामुळे सर्वांना खात्री पटली. शरयू मात्र गद्र्यांच्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

“मामा, त्यांनी खरंच बघितलं?”

“पुष्कळ वेळ उभे होते.”

“ते तर मी पण बघितलं. पण सरदारसाहेबांचे डोळे बंद होते. आणि ठहराव बिहराव सकाळी पेरूंना पण झालं होतं म्हणे.”

गद्र्यांनी तिला फरशी, जोडे, मान आणि गालिचा असे सर्व क्रमाने समजावून सांगितले. ते चांगले शिक्षक होते. शरयूला एकदाच ऐकून समजले.

“म्हणजे मी नाही जिंकले. गालिचा जिंकला.”

“शिष्यवृत्ती गालिच्याला देता येत नाही. अर्धी इंदूरला पाठवावी लागेल.”

शरयूला हसू आले, पण ते फार टिकले नाही. “ठीक आहे, त्यांचं सोडा. तुम्ही तर सायन्सवाले. तुम्ही सांगा, कसं आहे माझं चित्र?”

गद्र्यांनी शेवटच्या खिळ्याची उंची मोजली होती. तेथला प्रकाश मोजला होता. गालिच्याच्या कडेपासून भिंतीपर्यंतचे अंतर त्यांना पाठ होते, आणि दुसऱ्या फेरीत चार परीक्षकांचे आठ पाय त्यांनी अखंड निरखले होते. ते खोटे बोलत नसत.

“सरळ टांगलं होतं,” ते म्हणाले.

शरयू उठली. “जाते मी मुंबईला,” ती म्हणाली. “तिथं तरी कोणी बघेल.” आणि ती गेली.

अहवालात गद्र्यांनी कारण स्वच्छ शब्दांत मांडले. जानेवारीत दगडी फरशी गार असते. परीक्षक अनवाणी असतात. ज्येष्ठ परीक्षक गालिच्याच्या कडेला थांबतात आणि बाकीचे त्यांच्यामागे थांबतात. माणूस जिथे थांबतो तिथले त्याला आवडू लागते, कारण थांबण्याचे खरे कारण सांगण्यापेक्षा आवडले असे म्हणणे सोपे असते. खिळ्याचा काहीही संबंध नाही. शासनाने अहवाल स्वीकारला आणि गालिचेवाटप उपसमिती नेमली.

एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. शरयूच्या चित्रात काय होते, हे अहवालात आलेले नाही. ते परीक्षकांच्या अभिप्रायात नाही आणि वरील हकिकतीतही नाही. येथवर वाचत आलेल्यांपैकीही ते कोणी विचारले नाही. त्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. आपणा सर्वांचे लक्ष गालिच्याकडे होते.