घोट्याची उगवणशक्ती

आपल्या उजव्या घोट्याची मुदत संपत आली आहे, हे नागनाथ सूर्यवंशींना महेशकुमारच्या बियाण्यांच्या दुकानात कळलं.

ते सोयाबीनच्या दोन पिशव्या सांगायला गेले होते. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची म्हणून त्यांनी खिशातलं प्लॅस्टिकचं पाकीट रिकामं केलं, तेव्हा आधारबरोबर आणखी एक कार्ड बाहेर पडलं. दहा वर्षांपूर्वी हैदराबादच्या हॉस्पिटलनं दिलेलं. ट्रॅक्टरवरून पडून मोडलेला घोटा पुढं इतका झिजला होता, की नागनाथांना अंगणातून रस्त्यापर्यंत जाणं होईना. तिथल्या डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून धातूचा नवा बसवला आणि हे कार्ड दिलं. कार्ड इंग्रजीत होतं आणि पाय चांगला चालत होता, त्यामुळं ते वाचायची वेळ कुणावर आली नव्हती.

महेशकुमार दिवसाला वीस लेबलं वाचणारा माणूस. त्यानं कार्ड उलटसुलट बघितलं.

"अण्णा, ह्याच्यावर दोन तारखा हायत. एक अठरा जून दोन हजार पंधरा. दुसरी अठरा जून दोन हजार पंचवीस."

"पहिली आप्रेशनची," नागनाथ म्हणाले.

"मग दुसरी संपायची." महेशकुमारनं बियाण्याची पिशवी उचलून लेबल दाखवलं. "हे बघा. वरची तपासल्याची, खालची मुदतीची. कंपनीचा माल कुठला बी असू द्या, असंच छापतेत."

"आरं, मी आत्ता चालत आलो की हितं."

"मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत माल चांगलाच असतंय, अण्णा."

शेजारी बाकावर बसवंतप्पा चहा पीत होता. नागनाथांचं आणि त्याचं घर भिंतीला भिंत लागून. त्यानं बोटांवर मोजलं. "आज मे महिन्याची अकरा. सव्वा महिना ऱ्हायला बघ, नागनाथा."

नागनाथांनी कार्ड परत पाकिटात ठेवलं. त्यांना वेगळीच चिंता लागली. त्यांची बायको चांगुणाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा संघपाल कलबुर्गीला सरकारी ऑफिसात होता आणि दर सुट्टीला येऊन म्हणायचा, की घराला कुलूप लावा आणि चला. तिच्या वर्षाच्या कार्यक्रमाला चार माणसांसमोर नागनाथ त्याला म्हणाले होते, "जवर माझा पाय चालतंय तवर मी हितंच. पाय थांबला की तू म्हणशील तिथं." संघपालनं लगेच "बरं" म्हटलं होतं. तो ऑफिसातला माणूस, शब्द पक्का लक्षात ठेवायचा. आणि आता पाय थांबायची तारीख छापलेलीच निघाली होती.

"संघपालला सांगू नको," ते बसवंतप्पाला म्हणाले.

"मी कशाला सांगू?"

संध्याकाळी संघपालचा फोन आला. "अप्पा, तुमच्या पायाची मुदत संपायली म्हणं?"

नागनाथांनी भिंतीवरून हाक मारली. "बसवंतप्पा! सांगितलास ना?"

"संघपालला न्हाई सांगितलं," पलीकडून आवाज आला. "आमच्या निलम्माला तुझ्या सुनेचा, ज्योत्स्नाचा फोन आला होता, तिला सांगितलं."

"अप्पा, कार्डाचा फोटो पाठवा," संघपाल म्हणत होता.

"माझ्या फोनमधी फोटो निघत न्हाई."

"कुणी वाचलं?"

"महेशकुमारनं."

"मग बरोबर असंल. मी अठरा तारखेचाच नंबर लावतो हैदराबादला. पंधरा दिवसांची रजा टाकतो. पाय दाखवू आन् तसंच कलबुर्गीला येऊ. खोली रिकामी करायली ज्योत्स्ना."

"दाखवायच्या आधीच?"

"तुम्हीच म्हणलाव, अप्पा. चार माणसांत."

दुसऱ्या दिवसापासून घोटा वाचवायचं काम सुरू झालं. बसवंतप्पाचं म्हणणं, मुदत काही देवानं लिहिलेली नसते. माल नीट ठेवला तर वर्षभर पुढं जातो. पिशवीवर लिहिलेलंच असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. त्यामुळं नागनाथ आंघोळीला उजव्या पायाला युरियाची रिकामी पिशवी बांधायला लागले. मे महिन्याच्या उन्हात घोटा थंड राहावा म्हणून दुपारी त्यांनी पाय माठाला टेकवून बघितला. माठ पाझरत होता, म्हणजे थंड होतं पण कोरडं नव्हतं. शेवटी ज्वारीच्या कणगीमागं पाय घालून पडायचं ठरलं.

"खरं म्हणजे उगवण तपासाय पाहिजे," बसवंतप्पा म्हणाला.

"पायाची?"

"सोयाबीनची कशी करतो आपण? शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवतो, सत्तर उगवले की पेरतो. तू शंभर पावलं टाक. जे दुखलं ते मेलं."

नागनाथ अंगणात चालायला लागले. बसवंतप्पा चिंचोके घेऊन ओट्यावर बसला आणि दर पावलाला एक चिंचोका या हातातून त्या हातात टाकू लागला. दहा पावलं झाल्यावर तो थांबला.

"डावा मोजायचा न्हाई. नुसता उजवा."

"डाव्याचं काय मग?"

"डावा घरचं बियाणं हाय. घरच्या बियाणाला कुठली मुदत?"

नागनाथांना हे पटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शंभरातली अठ्ठ्याण्णव पावलं चांगली पडली. उरलेल्या दोनांत पायाखाली शेणाची गोवरी आली होती, पण बसवंतप्पानं सूट दिली नाही.

महेशकुमारला हे सांगितलं तर त्यानं मान हलवली. "अठ्ठ्याण्णव टक्के? अण्णा, मी सतरा वर्षं दुकान चालवायलोय. असला माल मी बघितला न्हाई. मोजण्यात चूक हाय."

"चूक न्हाई, चिंचोके शिल्लक हायत."

"मग आता ताकद हाय तवर जपून वापरा. एकदम खर्च करू नका."

मग नागनाथ घोटा जपून वापरू लागले. काठी घेतली आणि सगळा भार डाव्या पायावर टाकला. शेतात जाताना डाव्या पायानं ओढत आणि उजवा नुसता टेकवत. दुकानात उभं राहायचं तर डाव्यावर. कुणी भेटलं, की ते उजव्या पायाकडंच बघायचं आणि विचारायचं, "किती दिवस ऱ्हायले?" बसवंतप्पाच्या बायकोनं, निलम्मानं पाणी भरून द्यायला सुरुवात केली. दर सोमवारी चिंचोके मोजले जायचे आणि नव्वदच्या खाली कधी आले नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात डावा पाय घोट्यापाशी सुजला. नागनाथांनी त्याला तेल लावलं आणि धोतराखाली झाकला. तो घरचा होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

अठरा तारखेला संघपाल आणि ज्योत्स्ना गाडी घेऊन आले. गाडीत नागनाथांची गादी आधीच ठेवलेली होती. हैदराबादला डॉक्टर विजयश्री म्हणून बाई होत्या, मूळच्या इकडच्याच, भालकीच्या. त्यांनी दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ बघितलं. संघपाल उभा होता. नागनाथ हात जोडून बसले होते.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "सांधा बसवला होता तिथंच हाय. हाडानं घट्ट धरलंय. सैल न्हाई, झीज न्हाईच म्हणा."

"पर मॅडम, मुदत आजच संपायली ना?" संघपालनं अप्पांच्या पाकिटातलं कार्ड काढून न वाचताच पुढं केलं.

बाईंनी कार्ड वाचलं. "ही तपासणीला यायची तारीख हाय. दहा वर्षांनी सांधा कसा हाय ते आम्ही सगळ्यांचं बघतो. मुदत कोण म्हणलं?"

"बियाणाचा दुकानदार," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"असले शंभर सांधे बसवले, तर दहा वर्षांनी ऐंशी-पंच्याऐंशी चांगले असतेत. काका, तुमचा त्यातला हाय."

"म्हणजे सत्तरच्या वर हाय," नागनाथ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, पाय चालतंय असं ह्याला जरा मोठ्यानं सांगा."

"चालतंय की. चालून दाखवा."

नागनाथ उठले आणि चार पावलं लंगडत गेले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "चांगल्या पायानं तर नीट चालायलाव. लंगडायलाव कामून?"

खोलीतल्या सगळ्यांनी पहिल्यांदाच डाव्या पायाकडं बघितलं. बाईंनी धोतर वर घेतलं, दाबून बघितलं, आणि नागनाथ ओरडले. त्यानंतर सव्वा महिन्याची हकिगत एकेक करून बाहेर आली. युरियाची पिशवी, कणगी, चिंचोके, सगळं. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"आजवर ह्या सांध्याच्या तक्रारी लई ऐकल्या," त्या म्हणाल्या. "त्यानं दुसरा पाय खाल्ला, हे पहिल्यांदाच ऐकायलेय. शिरा सुजल्यात. डाव्या पायाला तीन आठवडे बूट लागंल, पट्ट्याचा. भार टाकायचा न्हाई."

संघपालला थोडं बरं वाटलेलं दिसलं. "म्हणजे मॅडम, एक पाय थांबलाच म्हणायचा. अप्पा, आपलं बोलणं पायाचं झालं होतं. कुठला ते ठरलं नव्हतं. चला कलबुर्गीला."

"तुमचं घर कितव्या मजल्यावर?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या."

"लिफ्ट हाय?"

"बसवणार हायत."

"कधी?"

"चार वर्षांपासून बसवायलेत," ज्योत्स्ना म्हणाली.

"मग जमणार न्हाई. पायरी चढायची न्हाई. काकांचं गावातलं घर?"

"जमिनीवर हाय," नागनाथ घाईनं म्हणाले. "उंबरासुद्धा बारका हाय."

"तिथंच ऱ्हा. पर एकटं न्हाई. कुणीतरी जवळ पाहिजे."

ज्योत्स्नानं नवऱ्याकडं बघितलं. "माझी शाळा सुरू झालीय. रजा तुमची हाय."

"ती अप्पाला कलबुर्गीला आणायला काढलीय."

"रजा तर रजा. मामांची गादी गाडीतच हाय, परत तिकडंच टाकू."

असा संघपाल संतपूरला, वडलांच्या घरी राहायला आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो खराटा घेऊन अंगण झाडत होता. नागनाथ बाजेवर बसले होते, डाव्या पायात गुडघ्याएवढा काळा बूट.

"काय संघपाल, मोठे साहेब झाडायलेत व्हय?" भिंतीवरून बसवंतप्पानं विचारलं.

"बसवंतप्पा काका, तुम्ही जरा आत जावा."

"कोपरा ऱ्हायला," नागनाथ म्हणाले. "आधी कोपरे काढायचे, मग मधलं."

संघपालनं कंबर धरली. "अप्पा, हे तुम्ही रोज झाडताव?"

"रोज."

"एकटेच तर हाव. कोण बघायलंय?"

"तुझ्या मायला घाण चालत न्हाई," नागनाथ म्हणाले आणि बुटाचा पट्टा नीट करू लागले.

संघपाल पार मागं गेला आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.

दुपारी त्यानं ऑफिसात फोन करून रजा आठ दिवस वाढवून मागितली. तिकडून कारण विचारलं. तो म्हणाला, "वडलांचा पाय." कुठला ते सांगितलं नाही.