रामलिंगरावांची न उडालेली विमानं

रामलिंगरावांकडे बेचाळीस विमानं होती आणि त्यातलं एकही कधी उडालं नव्हतं. ही विमानं कंप्युटरच्या पडद्यावरची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लातुरात एवढी विमानं ठेवायला जागा कुठं मिळाली, एनए प्लॉट होता का, असं विचारणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत.

गेम लढाईचा होता. दोघांनी समोरासमोर खेळायचा. माळावर दोन टोकांना दोन ठाणी, मध्ये तेलाच्या विहिरी. तेल काढायचं, साठवायचं, त्यावर सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचं ठाणं पाडायचं. तासाभरात कोणाचंच पडलं नाही, तर ज्याच्या ताब्यात जास्त जमीन तो जिंकला. उभं केलेलं सैन्य आणि साठवलेलं तेल पुढच्या लढाईला तसंच राहायचं. रामलिंगरावांना हा नाद लावला त्यांच्या साडूंनी, नांदेडच्या आनंदराजांनी. आनंदराज एका सरकारी कचेरीत होते. दिवसभर टेबलामागे बसून राहणाऱ्या माणसाला रविवारी रणगाडे पळवावेसे वाटतात, तसे ते पळवायचे. रामलिंगराव शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी वेगळंच सैन्य निवडलं. भक्कम तटबंदी, विमानं पाडणाऱ्या तोफा आणि वर झकास विमानं. त्या सैन्याच्या माहितीत लिहिलं होतं, ‘आधी बचाव करा, मग आभाळातून झडप घाला.’ रामलिंगरावांनी अर्धं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तेव्हापासून तीन वर्षं दर रविवारी ते बचाव करत होते. तटामागे तट, त्याच्यामागे तळघरं, तळघरांत शिपाई. विमानं पाडणाऱ्या साठ तोफा त्यांनी ओळीनं मांडल्या होत्या. आनंदराजांच्या सैन्यात विमान हा प्रकारच नव्हता. हे कोणी दाखवून दिलं की रामलिंगराव म्हणायचे, “आज न्हाई. उद्या घेतलं तर?”

यात त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ यायचा. ज्याच्या घरी आठव्या दिवशी पाणी येतं, त्याला भरलेलं भांडं रिकामं करायचा धीर होत नाही. आम्हा सगळ्यांचंच तसं आहे. पाणी भरायला लागलेला हात मग कुठंच थांबत नाही. रामलिंगरावांच्या घरी फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक अकरा वर्षं जागेवर होतं. बायकोच्या, आरतीबाईंच्या, रुखवतातला स्टीलचा डिनर सेट सत्तावीस वर्षं खोक्यात होता. चांगले पाहुणे आले की काढू, असं ठरलं होतं. पाहुणे आले, रोजच्या ताटांत जेवले, गेले. त्यातले दोघेतिघे तर जगातूनच गेले. सेट काही निघाला नाही. गेममध्येही तेलाची टाकी काठोकाठ भरलेली असली की रामलिंगरावांना शांत झोप लागायची. विमान उडवलं की तेल जळतं. मग नकोच ते.

त्यामुळे त्यांचं ठाणं कधी पडलं नाही आणि ते कधी जिंकलेही नाहीत. जमिनीच्या हिशेबात दर रविवारी हरायचे.

“साडूभाऊ, तुम्ही लढून नाही राहिले,” आनंदराज फोनवर म्हणायचे, “तुम्ही वॉचमनकी करून राहिले.”

“ठाणं हाय का उभं?”

“हाय.”

“मग झालं तर.”

हे असंच चाललं असतं. पण यंदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे वाढायचे, ही आपल्याकडची रीत. उदगीरचे सासरे गुरुपादप्पा हे जुने धान्याचे व्यापारी. त्यांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. पहिला पाट थोरल्या जावयाचा, म्हणजे रामलिंगरावांचा. तो त्यांना सत्तावीस वर्षं न मागता मिळत होता आणि जगात न मागता मिळणारी त्यांची तेवढी एकच गोष्ट होती. शाळेत त्यांना हेडमास्तर विचारत नसत, घरात आरतीबाई. पण उदगीरला पन्नास माणसांच्या देखत पहिला पाट त्यांचा.

आनंदराजांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहज म्हणून टाकलं, की थोरलेपण वयावर कशाला, पराक्रमावर ठरवू. रविवारी जो जिंकेल तो पहिल्या पाटावर. खाली त्यांनी रणगाड्याचं चित्र टाकलं. ग्रुपवर सगळे हसले. इथं गप्प बसायचं होतं. तीन वर्षं प्रत्येक ठिकाणी गप्प बसलेला माणूस नेमका इथं बोलला. रामलिंगरावांनी लिहिलं, ‘मंजूर.’ आरतीबाईंनी विचारलं, तुम्ही तर कधीच जिंकत नाही, मग मंजूर कसं लिहिलं? रामलिंगराव म्हणाले, मला वाटलं तो माघार घेईल.

आनंदराजांनी माघार घेतली नाही. रामलिंगरावांनी मग सासऱ्यांना फोन लावून, चेष्टाच होती ती, असं सुचवून पाहिलं. गुरुपादप्पांनी आयुष्यभर तोंडी शब्दावर पोत्यांची पोती विकली होती.

“जावईबापू, बोललं ते बोललं,” ते म्हणाले. “रविवारी मी फोनवर बसतो. निकाल मी देतो.”

रविवारी सकाळी दहाला लढाई सुरू झाली. फोन स्पीकरवर ठेवला होता. एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला उदगीर. आरतीबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. तीन वर्षं त्या दर रविवारी तिथंच बसून पालेभाजी निवडत आणि नवऱ्याचं युद्ध बघत. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, हे त्यांना पाठ झालं होतं. नवरा फक्त भिंतीचं बटण दाबतो, हेही.

चाळिसाव्या मिनिटाला आनंदराजांच्या ताब्यात पाऊण माळ होता. रणगाडे तटाला धडका देत होते. पडद्याच्या कोपऱ्यात बेचाळीस विमानं उन्हात चकाकत उभी होती. तेलाची टाकी काठोकाठ.

“आता तरी उडवा की,” आरतीबाई म्हणाल्या.

“थांब गं. अजून वेळ आली न्हाई.”

“वीस मिनिटं राहिलीत.”

“तेच म्हणतो मी. शेवटच्या पाच मिनिटांत काही झालं तर? तेव्हा काय करू?”

आणि तेवढ्यात शेजारच्या नीलाबाईंनी गल्लीत आरोळी दिली, “नळ आले.”

नळ उद्या यायचा होता. तो एक दिवस आधी आला. अशा वेळी आमच्या गावात काय होतं, ते परगावच्या माणसाला सांगून पटत नाही. लग्नात अक्षता पडायच्या थांबतात. न्हावी अर्धी दाढी सोडून जातो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण ते न्हाव्याच्या पुढे पळालेलं असतं. रामलिंगरावांनी निदान विचारलं तरी. गेम थांबवायला दोघांचीही संमती लागत असे. ते फोनला तोंड लावून म्हणाले, “आनंदराज, नळ आलेत. दहा मिनिटं थांबवू का?”

“लढाईत कशाचा नळ, साडूभाऊ? आमच्याकडे गोदावरी वाहते बघा. रणगाडे थांबणार नाहीत.”

रामलिंगरावांनी पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. नंतर ते सांगायचे की मी विचार केला. पण तसं काही झालं नाही. पाय उठले आणि त्यांच्यामागून रामलिंगराव गेले. जाताना आरतीबाईंना एवढंच म्हणाले, “इथं बस. कशालाच हात लावू नको.”

नळाला पाइप जोडायचा, आधी हौद, मग पिंपं, मग घागरी, मग पातेली, मग वाट्यासुद्धा. हा क्रम त्यांनी स्वतः ठरवला होता आणि त्यात ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. खिडकीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. ठाणं पडत होतं आणि माणूस हौदाशी गात होता.

इकडे पहिला तट फुटला. मग दुसरा. फोनमधून आनंदराज विचारत होते, “साडूभाऊ, झोपले का काय? का शरण आलात?” त्यांच्यामागे त्यांची बायको, आरतीबाईंची धाकटी बहीण सिंधु, खुदखुदत होती. आरतीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

त्यांच्या मनात नेमकं काय आलं ते कोणाला माहीत नाही. पहिल्या पाटाचं आलं असेल. नवऱ्याचं तोंड पन्नास माणसांत कसं होईल, तेही आलं असेल. माझं मत विचाराल तर खोक्यातला डिनर सेट आला असणार. त्यांनी माउसनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चौकोन ओढला. बेचाळीसच्या बेचाळीस विमानं त्यात आली. मग नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आनंदराजांच्या ठाण्यावर, एकदाच बोट दाबलं.

तीन वर्षं धूळ खात पडलेली ती विमानं एकदम उठली. आवाज एवढा मोठा झाला की स्पीकरवर तो उदगीरला गेला आणि गुरुपादप्पांनी गच्चीवर वाळत घातलेली डाळ आत घ्या म्हणून हाक मारली. त्यांना वळीव वाटला.

“हे काय?” आनंदराज म्हणाले. मग परत म्हणाले, “अहो, हे काय?”

त्यांच्याकडे विमान पाडायची एकही तोफ नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी चार बांधल्या होत्या. पण तीन वर्षांत आभाळात कावळासुद्धा दिसला नाही, तेव्हा त्या मोडून त्यांनी आणखी रणगाडे केले होते. ते सगळे रणगाडे आता रामलिंगरावांच्या तटाशी होते आणि ठाण्यावर राखणीला कोणी नव्हतं. सव्वा मिनिटात ठाणं पडलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. आरतीबाई परत मेथी निवडायला बसल्या.

रामलिंगराव गुडघ्यापर्यंत भिजून, हातात घागर घेऊन आत आले. सोनेरी अक्षरं त्यांना दिसलीच नाहीत. त्यांना टाकी दिसली.

“तेल कुठं गेलं?”

“वापरलं,” आरतीबाई म्हणाल्या.

“सगळं?”

“सगळं.”

“आणि विमानं?”

“चौदा परत आली. बाकीच्यांचं तेल वाटेतच संपलं.”

रामलिंगराव घागरीसकट पलंगावर बसले. “म्हणजे अठ्ठावीस गेली,” ते म्हणाले.

“अहो, आपण जिंकलो.”

“ते ठीक हाय गं. पण अठ्ठावीस.”

फोन चालू होता हे त्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. उदगीरहून घसा खाकरल्याचा आवाज आला, तेव्हा ते आलं.

“जावईबापू,” गुरुपादप्पा म्हणाले, “लढाई चालू असताना तुम्ही कुठं होता?”

खोटं बोलता आलं असतं. मी असतो तर बोललो असतो. पण भिजलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. “नळावर, अप्पा,” रामलिंगराव म्हणाले.

मग गुरुपादप्पांनी, माप तोलून झाल्यावर आकडा सांगावा तसा, निकाल सांगितला. बोललं ते बोललं. जो जिंकला तो पहिल्या पाटावर. जिंकली आरती, तेव्हा पहिला पाट आरतीचा. लेकीला पाटावर बसवायची रीत नाही, असं आनंदराजांनी हळूच काढलं. त्यावर गुरुपादप्पा म्हणाले, की कंप्युटरवर पाट पणाला लावायची तरी कुठं रीत होती, ती तुम्हीच काढली. रामलिंगरावांना मात्र धीर आला. बायकोचा पहिला म्हणजे घरातच राहिला. आणि साडू हरलेले, तेव्हा दुसरा पाट आपला.

“दुसरा पाट आनंदराजांचा,” गुरुपादप्पा म्हणाले.

“अप्पा, ते तर हरले की.”

“हरले. पण जागेवर बसून हरले. तुम्ही जागा सोडली.”

शाळेत दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हे सगळं सांगितलं. म्हणाले, बाजू माझी जिंकली, विमानं माझी उडाली, तेल माझं जळालं आणि मी तिसरा आलो. दोघांच्या लढाईत तिसरा येणारा माणूस मराठवाड्यात मीच पहिला.

उदगीरला ठरल्या दिवशी पंगत मांडली. पन्नासाच्या जागी सत्तर माणसं आली होती, कारण बातमी पोचली होती. पहिल्या पाटावर आरतीबाई हिरवं रेशमी लुगडं नेसून बसल्या. जावयासाठी आणलेलं पँटशर्टचं कापडही अव्वांनी, म्हणजे त्यांच्या आईनं, त्यांच्याच ओटीत घातलं. दुसऱ्या पाटावर आनंदराज खाली मान घालून बसले. तिसरा पाट पार कोपऱ्यात, भिंतीला टेकून होता.

रामलिंगराव त्यावर बसले. पाठीमागे भिंत. डाव्या हाताला भिंत. उजवीकडे आनंदराजांचं रुंद शरीर. त्यांनी जागा नीट न्याहाळली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

गुरुपादप्पा पंगतीतून फिरत आले. “नाराज न्हाई ना, जावईबापू?”

“न्हाई अप्पा. लई चांगली जागा हाय. तिन्ही बाजूंनी बंदोबस्त हाय.”

मग धोंडे आले. दोन खाल्ले, तिसरा खाल्ला, चौथ्याला रामलिंगरावांनी दोन्ही पंजे पसरून ताट झाकलं आणि कोपरं घट्ट रोवून बसले. समोरून सिंधु आली, तिला वाट मिळाली नाही. उजवीकडून आनंदराजांनी आपल्या ताटातला एक सरकवून पाहिला, तोही अडला. रामलिंगराव समाधानानं हसले आणि आरतीबाईंना काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

अव्वा परात घेऊन बरोबर त्यांच्या डोक्यावर उभ्या होत्या. त्यांनी चौथा धोंडा वरून थेट तोंडात सोडला.